दारू, आत्मकथन आणि आडनाव नसलेला ‘मी’

दलित साहित्यात दारू भरपूर आहे. दारुडा मात्र बोलत नाही. हे विधान अनेकांना खटकेल, म्हणून ते आधी स्पष्ट करतो.

दलित लेखकाने दारू लपवली नाही. हातभट्टी, गुत्ता, नवटाक, पिऊन पडलेला बाप, मार खाणारी आई हे सारे त्याने मराठी वाचकापुढे उघडे मांडले. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) बापाची दारू आहे. शरणकुमार लिंबाळ्यांच्या ‘अक्करमाशी’त (1984) दारू घराच्या पोटापाण्याशी जोडलेली आहे. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (2003) नवऱ्याची दारू आहे. पण या साऱ्या चित्रणात पिणारा तृतीयपुरुषी आहे. तो बाप आहे, चुलता आहे, नवरा आहे, आळीतला कुणी आहे. सांगणारा ‘मी’ त्याच्या बाहेर उभा राहून त्याला पाहतो, सोसतो, कधी त्याचा न्याय करतो. ‘मी दारुडा आहे’ या वाक्यापासून निघालेले दलित आत्मकथन निदान माझ्या वाचनात आलेले नाही.

हा प्रश्न मला अभ्यासिकेत सुचला असता तर माझी अब्रू राहिली असती. तो मला सुचला एका शाळेच्या वर्गात, चौथीच्या मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो असताना. त्या आधी, नव्वदच्या दशकात, मी दलित आत्मकथनांवर एक लेख लिहिला होता. ‘व्यसनाधीन पित्याचे निर्भीड वास्तवचित्रण’ हा शब्दप्रयोग त्यात तीन ठिकाणी आहे. तो लेख लिहिताना माझ्या टेबलाच्या खणात चपटी होती. बापाच्या दारूवर मी जे लिहिले त्यातले एक वाक्यही खोटे नव्हते. पण लिहिणारा खोटा होता.

माझा बाप मुंबईत सफाई खात्यात होता. गटारात उतरण्याआधी तो नवटाक मारी. शुद्धीवर असलेल्या माणसाने त्या भोकात उतरणे शक्यच नव्हते. दारू हे त्याचे कामाचे हत्यारच होते, फावड्यासारखे. फरक एवढाच, की फावडे चौकीत ठेवून घरी येता येते. मी शिकलो, राखीव जागेवर बँकेत लागलो, अधिकारी झालो. मी गुत्त्यावर गेलो नाही. वातानुकूलित बारमध्ये गेलो. माझ्या पिण्याला पार्टी म्हणत, त्याच्या पिण्याला दारू म्हणत. यकृताला मात्र हा वर्गभेद कळत नाही.

आपल्या साहित्याआधी मराठी रंगभूमीने दारुड्याला नायक केले होते. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ 1919 साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आले. त्यातला सुधाकर हुशार वकील आहे. भर कोर्टात झालेला अपमान त्याला सोसत नाही, सनद जाते, आणि तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. या नाटकावर शंभर वर्षे लिहिले गेले. सिंधूच्या पातिव्रत्यावर, भाषेच्या श्रीमंतीवर, शोकात्मिकेच्या लक्षणांवर. मला आता त्यातली वेगळीच गोष्ट दिसते. या नाटकात पिणाऱ्यांची संस्था आहे. तिचे नाव आर्यमदिरामंडळ. तिथे सभासद आहेत, भाषणे आहेत, विनोद आहे, एकमेकांना सांभाळून घेणे आहे. सोडणाऱ्यांची संस्था मात्र नाटकात कुठेच नाही. सुधाकर एकदा सोडण्याचा निश्चय करतो, तो प्रामाणिक असतो. तो प्रतिष्ठितांच्या दारी काम मागायला जातो, तिथून अपमान घेऊन बाहेर पडतो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. प्रतिष्ठितांनी हाकलल्यावर ज्याच्याशेजारी जाऊन बसावे असा, स्वतः पिऊन सोडलेला, एकही माणूस गडकऱ्यांनी त्याला दिला नाही. देता आला नसता, कारण त्या समाजात तो नव्हता.

तो माणूस दुसऱ्याच देशात 1935 साली निघाला. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही दारूने पार धुऊन निघालेले, समोरासमोर बसून आपली कथा एकमेकांना सांगू लागले. त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही चळवळ झाली. 1939 साली तिचे पुस्तक निघाले, 1957 साली ती भारतात पोचली. तिचे मूळ तत्त्व गडकऱ्यांच्या नाटकाच्या नावातच आहे हा योगायोग मला विलक्षण वाटतो. दहावा प्याला वाईट नसतो, पहिला वाईट असतो. फरक इतकाच की सुधाकरचा शोध एकट्याचा होता आणि इथे तो सामूहिक आहे.

ती सभा मला कशी सापडली हे सांगणे आवश्यक आहे, कारण न सापडणे हाही या विषयाचा भाग आहे. 2009 च्या पावसाळ्यात मी रुग्णालयात होतो. एकदम सोडल्यामुळे फिट आली होती. (वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने डॉक्टरच्या देखरेखीवाचून एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते, हे आपल्या वस्त्यांत अजूनही सांगावे लागते.) निघताना परिचारिकेने औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर वार, वेळ आणि एका चर्चच्या शाळेचा पत्ता लिहून दिला. पहिल्यांदा मी वार चुकवून गेलो. रखवालदार म्हणाला, ‘ते दारूवाले का? ते शनिवारी.’ हे ऐकून मी समोरच्या बारमध्ये शिरलो. दुसऱ्यांदा बरोबर वारी गेलो, फाटकापाशी ओळखीचा माणूस दिसेल म्हणून पाऊण तास रस्त्यापलीकडे उभा राहिलो आणि परतलो. तिसऱ्यांदा बायको बरोबर आली. ती फाटकातून आत ढकलून बाहेरच थांबली. तिला कुणी सांगितले नव्हते, की महिन्यातून एकदा घरच्यांनाही बसता येईल अशी खुली मीटिंग असते, आणि पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन ही वेगळी सभाही असते. ती पावसात छत्री धरून दीड तास उभी होती.

दारात एकाने हात पुढे केला. ‘नाव?’ मी सवयीने पूर्ण नाव सांगू लागलो. त्याने मध्येच थांबवले. ‘आडनाव नको. इथं आडनाव नसतं.’

वाचकहो, या वाक्याचा अर्थ त्या वर्गातल्या पंचवीस माणसांत मला जितका कळला तितका आणखी कुणाला कळला असेल असे मला वाटत नाही. जन्मापासून मला ‘पूर्ण नाव काय?’ असे विचारले गेले. शाळेत, खोली भाड्याने घेताना, बँकेत पहिल्या दिवशी. आडनाव कळले की विचारणाऱ्याचा चेहरा एक क्षण बदलतो, तो क्षण आपण सगळे ओळखतो. आणि इथे एक सभा होती जिच्या नियमातच आडनाव नव्हते. सभासदत्वाला वर्गणी नाही. अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. चहाला आणि जागेच्या भाड्याला ज्याने त्याने टोपीत टाकावे ते टाकावे. बाहेरच्याची देणगी घेत नाहीत.

त्या सभेत माणसे जे सांगतात त्याला शेअरिंग म्हणतात. समीक्षक म्हणून मी त्याला एक वाङ्मयप्रकार मानतो. त्याची बांधणी ठरलेली आहे: मी कसा होतो, काय घडले, आज कसा आहे. सांगणाऱ्याला कुणी मध्ये अडवत नाही, नंतर कुणी सल्ला देत नाही, कुणी टाळ्यांसाठी बोलत नाही. ऐकणारा प्रत्येकजण त्याच गुन्ह्याचा आरोपी असल्यामुळे न्यायाधीश कुणीच नाही. आपल्या आत्मकथनांतल्या प्रांजळपणाचे आपण कौतुक करतो. पण ‘बलुतं’मध्येही दगडू मारुती पवार या माणसाला आपली कहाणी दया पवार नावाच्या प्रतिष्ठित लेखकाला सांगावी लागते, स्वतःचे दोन तुकडे केल्याशिवाय ते बोलणे त्याला जमले नाही. सभेतला माणूस हे दोन तुकडे जोडून बोलतो. कर्ज बुडवले, पोराच्या फीचे पैसे प्यालो, बायकोच्या कानाखाली मारली, अशी वाक्ये तो ‘मी’ने सुरू करतो. आपल्या साहित्यातला ‘मी’ सोसणारा आहे. सोसवणारा ‘मी’ मला प्रथम इथे भेटला.

आता दुसरी बाजू. या प्रकाराची मर्यादाही तितकीच ठळक आहे.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी एक गृहस्थ बोलले. ते म्हणाले, झोपडपट्टीतल्यांचे समजू शकतो, त्यांच्यात ते असतेच; पण आमच्यासारख्या चांगल्या घरातल्यांनी इतके खाली यावे? कुणी हसले नाही, कुणी चिडलेही नाही. मी गप्प बसलो. माझे आडनाव कुणाला ठाऊक नव्हते, गोरटेला रंग आणि बँकेतली भाषा होती. मी त्यांच्यातच जमा होतो. बाबूराव बागुलांच्या 1963 च्या संग्रहाचे नाव त्या क्षणी माझ्या डोक्यात घण घालत होते: ‘जेव्हा मी जात चोरली होती’. आडनाव न विचारणे ही समता आहे, की चोरीची सोय? जो नियम मला पहिल्या दिवशी मुक्ती वाटला, त्यानेच मला त्या दिवशी मुका केला.

या चळवळीच्या बारा परंपरांत, ज्या 1950 साली स्वीकारल्या गेल्या, एक अशी आहे की बाहेरच्या प्रश्नांवर संघटनेने मत देऊ नये. या नियमाची थट्टा मी करणार नाही. गटागटांत फुटून गेलेल्या आपल्या चळवळीने तर त्याच्यापुढे थोडे नम्र व्हावे. वादाचे विषय दाराबाहेर ठेवल्यामुळेच इतक्या देशांत ते एकत्र बसू शकतात. पण माझा प्रश्न वेगळा आहे. जात हा बाहेरचा प्रश्न आहे हे ठरवले कुणी? गटाराच्या भोकात उतरायला माझ्या बापाला कुणी पाठवले? तेथील कथा ‘मी’पासून सुरू होते आणि ‘मी’पाशीच संपते. दोष माझा, कबुली माझी, सुधारणा माझी. गुत्ता वस्तीच्या तोंडाशीच का असतो, तो कोणाच्या कृपेने चालतो, हे त्या कथेत येत नाही. महात्मा फुल्यांनी 1880 साली पुणे नगरपालिकेत दारूच्या दुकानांच्या परवान्यांना विरोध केला, तो या बाहेरच्या प्रश्नासाठीच. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. त्यांच्या मरणाला नुसता ‘मी’ पुरत नाही.

हे दोन प्रश्न एकत्र धरता येतात याचा दाखला आपल्याला परका नाही. 1972 साली दलित पँथरने ज्यांचे नाव घेतले, त्या ब्लॅक पँथरचे आणि पोर्टो रिकन ‘यंग लॉर्ड्स’चे कार्यकर्ते 1970 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या लिंकन रुग्णालयात शिरले आणि त्यांनी तेथे हेरॉइनच्या व्यसनातून सोडवणारे केंद्र उभे केले. तेथे औषधोपचाराबरोबर राजकीय शिक्षणही होते. आपल्या वस्तीत हे विष कोण आणतो, हा प्रश्न उपचाराचाच भाग होता. आपण त्यांचे नाव घेतले, त्यांचा नकार घेतला. हे केंद्र मात्र घेतले नाही.

तिसरा मुद्दा देवाचा. बारा पायऱ्यांत माणसाने आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीच्या हाती स्वतःला सोपवायचे असते, आणि सभा प्रार्थनेने संपते. 14 ऑक्टोबर 1956 च्या बावीस प्रतिज्ञांत देव नाकारलेल्या घरातला मी. पहिले काही आठवडे प्रार्थनेच्या वेळी मी ओठ मिटून उभा राही. माझ्या आधीपासून येणारा एक ख्रिस्ती गोदी कामगार म्हणाला, ‘तुमचा देव तुम्ही ठरवायचा, नसेल तर ही खोली धरा. ही खोली तरी तुमच्यापेक्षा मोठी आहे ना?’ तेव्हा मला आपल्याच वंदनेतला तिसरा शब्द आठवला. आपण बुद्धाला आणि धम्माला शरण जातो, तसेच संघालाही जातो. मी खोलीला संघ म्हटले आणि माझे भांडण मिटले.

त्याहून मोठे भांडण प्रतिज्ञेचे होते. बावीसपैकी सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. त्या आधी 1927 साली महाडला स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी पिणाऱ्या नवऱ्याला, मुलाला जेवू घालू नका, असा कठोर उपदेश केला होता. ही कठोरता खरी होती आणि हवी होती. पण पुढे आपल्या वस्तीत त्या प्रतिज्ञेचे काय झाले? ती पाळणारा धम्मात, मोडणारा गद्दार. मी पिताना घरातली बाबासाहेबांची तसबीर भिंतीकडे वळवून ठेवी. जयंतीच्या दिवशी सकाळी प्रतिज्ञा म्हणे आणि रात्री मोडे. ज्याने प्रतिज्ञा मोडली त्याने मदत मागायची तर आधी गद्दारी कबूल करावी लागते. म्हणून तो मागत नाही, मरतो. दीक्षेच्या त्याच 1956 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने दारूचे व्यसन हा आजार असल्याचे मान्य केले. आपल्या हाती प्रतिज्ञा आली. आजार हा शब्द आपल्यापर्यंत यायला फार वेळ लागला.

आणि शील म्हणजे एकदा घेऊन कपाटात ठेवायचे प्रमाणपत्र नव्हे. पाली वंदनेत त्याला शिक्षापद म्हटले आहे. शिकण्याची गोष्ट. म्हणूनच ते प्रत्येक वंदनेला पुन्हा घ्यायचे असते. काल मोडले म्हणून आज घ्यायला मनाई नाही. सभेतली माणसे ‘फक्त आजचा दिवस’ असे म्हणतात ते याहून वेगळे नाही. भिक्खूसंघात उपोसथाच्या दिवशी दोष उघड करण्याची रीत आहे. वर्षावासाच्या अखेरीस प्रवारणेला भिक्खू संघालाच विनवतो, की माझे चुकले ते मला दाखवा. आपल्या विहारांत अश्विन पौर्णिमा दिवे लावून साजरी होते. आपले चुकले ते संघापुढे बोलण्याची ती पौर्णिमा आहे, एवढे मात्र आपण विसरलो.

म्हणून मी चार वर्षांपूर्वी आमच्या विहाराच्या समितीकडे आठवड्यातून एक तास मागितला. माझ्या घरापासून विहार सत्तर पावलांवर, चर्चची शाळा चार किलोमीटरवर. रोजंदारीवरच्या माणसाला ते चार किलोमीटर परवडत नाहीत. वाटेत पाच बार लागतात. समितीतले दोघे माझ्याबरोबर प्यालेले होते. उत्तर आले: विहाराचे नाव खराब होईल. मी म्हणालो, नाव खराब कशाने होते? आम्ही तिथे बसल्याने, की विहाराच्या मागल्या भिंतीशी रिकाम्या चपट्या पडतात त्याने? दीड वर्षाने ओसरी मिळाली, आतली खोली नाही. गुरुवारी रात्री आठला आम्ही ओसरीवर बसतो. पहिल्या गुरुवारी तिघे होतो. मागच्या गुरुवारी नऊ. मधल्या काळात एकजण पुन्हा प्यायला आणि परत आला. एकजण पुन्हा प्यायला आणि आला नाही. त्याच्या मयताला आम्ही सगळे होतो.

ओसरीवर आडनाव विचारत नाहीत. विचारायची गरज नाही, सगळ्यांची ठाऊक आहेत. तिथे मी पहिल्यांदा बापाविषयी बोललो. पुढच्या शनिवारी चर्चच्या शाळेतही तेच बोललो, गटारासकट आणि जातीसकट. चांगल्या घरातले ते गृहस्थ समोर होते. ते काही बोलले नाहीत. तिथे तसा नियमच आहे. निघताना मात्र त्यांनी माझी छत्री शोधून दिली. याचा अर्थ मी काढत बसणार नाही.

प्रश्न साहित्याचा आहे, तिकडे वळून थांबतो. दलित आत्मकथनाने ‘आम्ही’चे दुःख ‘मी’च्या तोंडून सांगितले, हे त्याचे ऐतिहासिक कार्य. सभेने ‘मी’ला स्वतःचा दोष उच्चारायला शिकवले, हे तिचे. एकाकडे समाज आहे, पण पिणाऱ्याची कबुली नाही. दुसरीकडे कबुली आहे, पण समाज नाही. ज्या लेखनात हे दोन्ही एकत्र येतील ते अजून लिहिले जायचे आहे. ते लिहिणारा बहुधा कुठल्या तरी गुत्त्याबाहेर, खिशात पुठ्ठ्यावर लिहिलेला पत्ता घेऊन, रस्त्यापलीकडे उभा आहे. त्याच्या निर्भीड वास्तवचित्रणावर लेख लिहिण्याआधी आपण आपल्या विहाराची आतली खोली उघडावी. बाप गेला तेव्हा त्याच्या बाजूने बोलणारे कुणी नव्हते, मीही नव्हतो.